प्लंजर बदलला तरी जॉब सरकतोच: स्प्रिंगवाल्या भागांची निवड कुठे चुकते

तक्रार बहुतेक शॉपमध्ये एकाच शब्दांत येते. "होल पोझिशन आउट येतेय. सगळ्या जॉबची नाही, मधूनच." फिक्श्चर (मशीनवर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरणारी चौकट) तेच, प्रोग्रॅम तोच, टूलही तेच. मेंटेनन्सवाला येतो, बॉल प्लंजर (टोकाला स्प्रिंगने दाबलेली गोळी असलेला स्क्रू) बोटाने दाबून बघतो, एखादा अडकलेला सापडतो, तो काढून त्याच साइजचा नवा लावतो. चार दिवस बरे जातात आणि मग क्वालिटीवाले पुन्हा तोच रिपोर्ट घेऊन उभे राहतात.

प्लंजर बदलल्यावर दुखणं थोडे दिवस थांबतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की प्लंजर निकृष्ट होता. माझं मत वेगळं आहे. अशा बहुतेक ठिकाणी प्लंजर चांगला असतो, पण त्याला दिलेलं काम त्याचं नसतं. स्प्रिंगवाला भाग जॉबला लोकेटरपर्यंत (जॉबची जागा ठरवणाऱ्या पक्क्या टेकूपर्यंत) आणू शकतो, एखादी प्लेट खाचेत अडकवू शकतो किंवा मोजमापाची टीप जॉबला टेकवून ठेवू शकतो. ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची निवड वेगळ्या आकड्यावर होते. कटिंगचा जोर सोसणं हे यातल्या कुणाचंच काम नाही. बिडात 10 मिमीचं ड्रिल चालतं तेव्हा थ्रस्ट सहज हजार न्यूटनच्या घरात जातो, आणि एम 8 चा (8 मिमी आट्यांचा) बॉल प्लंजर फार तर काही दशक न्यूटन देतो. धरायचं काम क्लॅम्पचं. स्प्रिंगने फक्त क्लॅम्प बसेपर्यंत जॉब जागेवर ठेवायचा.

एक नेहमीचं उदाहरण धरू. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून आलेला बिडाचा ब्रॅकेट, वजन 4 किलोच्या आसपास, व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) ड्रिलिंग. खाली तीन रेस्ट पॅड, लांब बाजूला दोन लोकेटर, आखूड बाजूला एक. लांब बाजूच्या समोरून दोन एम 8 बॉल प्लंजर, वरून दोन हायड्रॉलिक स्विंग क्लॅम्प. लोकेटरला टेकणारी बाजू मशीन केलेली, प्लंजर टेकतो ती बाजू कच्ची, कास्टिंगची. प्रत्येक शिफ्टमध्ये काही जॉब 0.1 ते 0.15 मिमीने बाहेर जातात.

आधी चूक कोणत्या दिशेची ते पाहा

रिपोर्टवर नुसतं "पोझिशन आउट" लिहून भागत नाही. डेटम बाजूपासून (लोकेटरला टेकणाऱ्या बाजूपासून) होलचं अंतर 40.00 हवं आणि 39.88 येतंय, की 40.12 येतंय? या एका गोष्टीवर अर्धा शोध संपतो.

अंतर कमी येत असेल तर जॉब लोकेटरपासून लांब राहिला होता. मध्ये फट होती, चिप होती, किंवा क्लॅम्पने त्याला मागे ओढलं. अंतर जास्त येत असेल तर जॉब जायला हवा त्यापेक्षा पुढे गेला, म्हणजे लोकेटर झिजलाय, ढिला झालाय किंवा मागे सरकलाय. फट राहिल्याने अंतर वाढू शकत नाही. म्हणून आकडे प्लसमध्ये असतील तर प्लंजरला हात लावू नका, लोकेटरवर डायल गेज लावा. दोन्ही बाजूंना आकडे पसरलेले असतील तर दोन दुखणी एकत्र आहेत. आधी लोकेटर दुरुस्त करा, मग पुढे जा.

आपल्या उदाहरणात आकडे मायनसमध्ये आहेत असं धरू. आता तीन शक्यता उरतात आणि त्या वेगळ्या करायला महागडं काही लागत नाही.

बाहेर गेलेल्या जॉबची रुंदी मोजा: डेटम बाजूपासून प्लंजर टेकतो त्या कच्च्या बाजूपर्यंत, नेमकी प्लंजरच्या जागी. चांगल्या जॉबचीही मोजा. बाहेर गेलेले बहुतेक सगळे अरुंद निघाले, तर दुखणं प्लंजरच्या स्ट्रोकचं आहे. रुंदीचा काही संबंध दिसला नाही, पण फिक्श्चर धुतल्यावर चांगले आणि शिफ्टच्या शेवटी वाईट असा कल दिसला, तर प्लंजर जाम होतोय. आणि जॉब हाताने लोकेटरला घट्ट लावून, 0.03 मिमीचा फिलर (फट तपासायची पातळ पट्टी) जात नाही हे बघून क्लॅम्प मारला, आणि नंतर फिलर आत गेला, तर क्लॅम्पच जॉब ओढतोय.

हे शेवटचं डायलने आणखी स्वच्छ दिसतं. मॅग्नेटिक स्टँडवर प्लंजर डायल (सरळ दांडीचा डायल गेज) लावा, टीप जॉबच्या कच्च्या बाजूला, शून्य करा आणि क्लॅम्प मारा. मिलिमीटरचे एक-दोन शतांश हलणं चालेल, सगळं फिक्श्चरच तेवढं दबतं. पण काटा पाच-सात शतांश सरकून तिथेच राहिला, तर प्लंजर कितीही बदला, काही होणार नाही.

स्ट्रोकचा हिशेब, जो कुणी करत नाही

एम 8 बॉल प्लंजरचा स्ट्रोक साधारण दीड मिलिमीटर असतो, एम 6 चा एकच्या आसपास, एम 10 चा दोनच्या. आता कच्च्या बाजूची रुंदी किती बदलते? सॅंड कास्टिंगमध्ये प्लस-मायनस 0.8 ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणजे एकूण 1.6 चा फरक आणि आपल्याकडे स्ट्रोक 1.5. हा प्लंजर कोणत्याही सेटिंगला सगळ्या जॉबना पुरणार नाही. सेटर तो मधल्या जॉबवर सेट करतो. अरुंद जॉबला बॉल टेकतच नाही, रुंद जॉबला बॉल पूर्ण आत जातो आणि ऑपरेटरला जॉब ठोकून बसवावा लागतो. ठोकल्यावर बॉडीची कड जॉबला लागते, कडेवर बर (धातूचा उठलेला काठ) येते आणि बॉल त्यातच अडकतो. "प्लंजर निकृष्ट होता" हा निष्कर्ष इथून निघतो.

ताकदीचा हिशेबही इथेच करून टाकू. 4 किलोच्या जॉबचं वजन साधारण 40 न्यूटन. मशीन केलेल्या पॅडवर घर्षणांक 0.2 धरला तर जॉब सरकवायला 8 न्यूटन लागतात. पॅडवर चिकट कुलंट, बारीक भुकटी, जॉबच्या खालच्या कडेला राहिलेली बर असं सगळं असतं, म्हणून मी कमीत कमी दुप्पट धरतो. दोन प्लंजर मिळून 16 ते 20 न्यूटन, तेही सगळ्यात अरुंद जॉबला. कॅटलॉगमध्ये ताकदीचे दोन आकडे असतात: सुरुवातीचा आणि स्ट्रोक संपतानाचा. निवड नेहमी सुरुवातीच्या आकड्यावर करावी, कारण अरुंद जॉबला तेवढाच मिळतो. शेवटचा आकडा दुसऱ्या कामाचा आहे: रुंद जॉबला ऑपरेटरच्या मनगटावर किती ताण येईल आणि जॉबवर डाग पडेल का, ते तो सांगतो. दिवसभर शेकडो जॉब लावणाऱ्या माणसासाठी तो आकडा महत्त्वाचा आहे. फार कडक प्लंजर लावला की माणूस लोडिंगसाठी मॅलेट (मऊ हातोडा) हातात घेतो, आणि मॅलेट आला की लोकेटरचंही आयुष्य कमी होतं.

नियम असा ठेवा: जॉबमधला एकूण फरक प्लंजरच्या स्ट्रोकच्या निम्म्याच्या आत बसला पाहिजे. 1.6 च्या फरकाला सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर स्ट्रोक हवा. आता पर्याय उरतात ते लांब स्ट्रोकचा पिन-टोकाचा प्लंजर, बाजूने ढकलणारी साइड थ्रस्ट पिन, किंवा टूलरूममध्ये बनवलेला साधा पुशर.

टूलरूमच्या पुशरला लोक उगीच कमी लेखतात. इएन 31 पोलादाची हार्ड केलेली 8 मिमीची खांदेवाली पिन, रीम केलेलं भोक, मागे कॉम्प्रेशन स्प्रिंग, तिच्या मागे ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू). पिनचा खांदा पुढे अडतो म्हणून पिन बाहेर पडत नाही. पाच मिलिमीटर स्ट्रोक आरामात मिळतो आणि स्प्रिंग मऊ निवडता येते. एकच पाळायचं: पिन पूर्ण आत गेली तरी स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. वेढे टेकेपर्यंत रोज दाबली जाणारी स्प्रिंग हळूहळू आखूड होते आणि ताकद गमावते, बाहेरून काहीच दिसत नाही.

साइड थ्रस्ट पिनचा फायदा वेगळा. तिची पिन तिरकी होत ढकलते, त्यामुळे जॉब बाजूला जातानाच थोडा खालीही दाबला जातो. पातळ प्लेट किंवा हलका अ‍ॅल्युमिनियमचा जॉब पॅडवरून उचलला जात असेल तर हीच लावावी. ताकद रंगाने ओळखायची पद्धत आहे, पण प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे. एकाची काढून दुसऱ्याची त्याच रंगाची लावली तर ताकद तीच असेल असं अजिबात समजू नये.

ताकद मोजायची कशी

जुना प्लंजर थकलाय की नाही हे बोटाने दाबून कळत नाही. बोटाला 12 न्यूटन आणि 20 न्यूटन यांतला फरक नीट सांगता येत नाही. डिस्पॅचमधला छोटा डिजिटल वजनकाटा घ्या आणि मिलिंगच्या किंवा व्हीएमसीच्या टेबलावर ठेवा. त्यावर एक ग्राइंड केलेला चपटा ठोकळा ठेवून काटा शून्य करा. प्लंजर एका टॅप मारलेल्या अ‍ॅडाप्टरमध्ये बसवून स्पिंडलच्या कोलेटमध्ये (टूल पकडणाऱ्या भागात) धरा, टोक खाली. स्पिंडल बंद. हँडव्हीलने झेड अक्ष शतांशाच्या पायरीने खाली आणा. काटा हलू लागला तो पहिला स्पर्श. तिथून अर्धा मिलिमीटर खाली, वाचन घ्या. आणखी अर्धा, पुन्हा वाचन. एक किलो म्हणजे जवळपास 10 न्यूटन. काट्याची थाळी स्वतः थोडी दबते, म्हणून अंतरात थोडी चूक राहते, पण नवा आणि जुना प्लंजर शेजारी तपासायला हे पुरेसं आहे. काट्याची क्षमता मात्र आधी बघा आणि उतरताना हात सांभाळा. स्ट्रोक संपल्यावर आणखी खाली आलात तर काटा जाईल.

वर येतानाही वाचन घ्या. खाली जाताना 1.8 किलो आणि त्याच जागी वर येताना 1.1 असेल, तर आत घर्षण आहे, म्हणजे मळ शिरलाय किंवा बॉडी वाकडी झाली आहे. येतानाचं वाचनच महत्त्वाचं, कारण जॉब ढकलला जातो तो स्प्रिंग उघडताना, दाबली जाताना नाही.

जाम का होतो

बिडाची भुकटी इतकी बारीक असते की बॉल आणि बॉडीमधल्या फटीत सहज जाते. कुलंटमध्ये भिजून तिचा काळा चिखल होतो आणि रविवारी मशीन बंद राहिलं की तो चिखल आत वाळून दगड होतो. सोमवारी सकाळच्या पहिल्या जॉबची पोझिशन जास्त वेळा आउट येते का, हे रिपोर्टवर जरूर तपासा.

भुकटी आत ढकलतो तो मात्र बहुतेक वेळा एअर गन. ऑपरेटर पॅड साफ करायला हवा मारतो आणि झोत थेट प्लंजरच्या तोंडावर बसतो. हवा मारू नका असं सांगून उपयोग नाही, पॅड साफ व्हायलाच हवा. झोत लोकेटरच्या बाजूने बाहेर जाईल अशी सवय लावा, किंवा पॅडमध्येच हवेचं भोक ठेवा. टोक वर करून बसवलेला बॉल प्लंजर तर बिडाच्या कामात नकोच, तो चिप्सची वाटी होतो. आडवा किंवा टोक खाली असा ठेवा. रबरी ओठाचं सील असलेले प्लंजर मिळतात. थोडे महाग पडतात, पण बिडाच्या ओल्या कामाला मी दुसरं काही सुचवणार नाही.

प्लंजर आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात घट्ट बसवला असेल तर मागे कुलंट साठतो आणि बॉल आत जाताना त्याला जागा मिळत नाही. मागून लहान आरपार भोक ठेवलं की हा त्रास जातो, आणि अडकलेला प्लंजर मागून काढताही येतो.

मग थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव. प्लंजर कंपनाने मागे फिरू नये म्हणून लावतात, आणि तोच आत उतरून बॉल कायमचा चिकटवतो. नवा कोरा प्लंजर बसवल्यानंतर तासाभरात जाम होतो तेव्हा पहिला संशय याच्यावर घ्यावा. लावायचाच असेल तर मध्यम ताकदीचा, एक थेंब, फक्त मागच्या आट्यांवर, आणि वाळेपर्यंत टोक वरच्या बाजूला राहील असं बघा. त्याहून सोपं म्हणजे आट्यांवर नायलॉनचा पॅच असलेला प्लंजर किंवा मागे लॉक नट. अ‍ॅल्युमिनियमच्या फिक्श्चरमध्ये वारंवार काढघाल होणार असेल तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे आटे) घालून टाका.

ढकलायचं कुठून

चांगला प्लंजर चुकीच्या जागी बसला तरी तेच दुखणं दिसतं. दोन लोकेटरच्या मधल्या पट्ट्यातून ढकललं पाहिजे. ढकलण्याची रेघ एका लोकेटरच्या बाहेर गेली की जॉब त्या लोकेटरभोवती फिरतो आणि दुसऱ्याकडे फट पडते. अशा जॉबमध्ये एक होल चांगलं आणि दुसरं वाईट दिसतं. उंचीचंही तसंच. प्लंजर लोकेटरपेक्षा बराच वर असेल तर जॉबची प्लंजरकडची बाजू उचलली जाते, खाली असेल तर लोकेटरकडची. उंची सारखी ठेवावी. कच्च्या बाजूला पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) कुठे येते ते आधी पाहा. बॉल त्या रेघेवर बसला तर प्रत्येक जॉबला वेगळीकडे ढकलतो.

क्लॅम्प ओढत असेल तर काय करायचं? स्विंग क्लॅम्पचा हात आधी फिरत खाली येतो आणि मग सरळ खाली उतरतो. जॉबला तो सरळ उतरतानाच टेकला पाहिजे. कास्टिंगचा बॉस (त्यावरचा उंचवटा) उंच आला, किंवा कुणी हाताखाली जाड पॅड लावला, की हात फिरताफिरताच जॉबला लागतो आणि त्याला घेऊन फिरतो. तो ओढा कोणताही प्लंजर थांबवू शकत नाही. हाताची उंची खाली-वर करून सरळ भागात आणा, क्लॅम्प रेस्ट पॅडच्या बरोबर वर आहे का ते पाहा, आणि शक्य असेल तर दाब दोन टप्प्यांत द्या. पट्टीच्या क्लॅम्पला स्फेरिकल (गोलसर बैठकीचा) वॉशर घालतात तेही याचसाठी.

टोकाचा प्रकार मी थोडक्यात सांगतो. कच्च्या बिडावर हार्ड स्टीलचं टोक. मशीन केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर बॉल रेघ ओढतो, तिथे डेलरिन किंवा नायलॉनचं टोक. पण तेच प्लास्टिकचं टोक कास्टिंगच्या खरखरीत त्वचेवर लावलं तर वाळूचे कण त्यात रुतून ते लवकर झिजतं.

खाचेत अडकवायचं काम

फिरती प्लेट किंवा सरकपट्टी जागेवर "टक" करून थांबावी म्हणून बॉल प्लंजर लावतात. तक्रार येते की प्लेट आपोआप सुटते, किंवा उलट, हलतच नाही. लोक लगेच कडक स्प्रिंगकडे जातात. आधी खाच बघा.

बाजूने लागणारा जोर स्प्रिंगवर जितका अवलंबून असतो तितकाच खाचेच्या कोनावरही. 90 अंशांचा काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचा खड्डा) असेल तर 20 न्यूटनच्या स्प्रिंगला बाजूनेही साधारण 20 न्यूटन लागतात. घाईत साध्या ड्रिलचं टोक टेकवून खाच केली असेल तर कोन 118 अंशांचा, आणि त्याच स्प्रिंगला 12 न्यूटनच पुरतात. घर्षणामुळे दोन्ही आकडे थोडे वर जातात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. म्हणजे नुसता काउंटरसिंक बदलून तुम्ही पकड दीडपटीच्या वर नेता, प्लंजर तोच ठेवून. खाचेचं तोंड बॉलच्या व्यासाच्या 0.7 पटीपेक्षा मोठं ठेवा. 5 मिमी बॉलला साडेतीनपेक्षा जास्त. लहान ठेवलंत तर बॉल उतारावर न बसता कडेवर बसतो, कड चेपली जाते आणि काही महिन्यांत थांबा मवाळ होतो. प्लेट आणि बॉडीमधली फट स्ट्रोकमधून वजा होते हेही विसरू नका.

आणि बॉलने अचूक इंडेक्सिंग (ठरलेल्या कोनात फिरवून थांबवणं) होत नाही. जिथे कोन मोजून हवा तिथे इंडेक्सिंग प्लंजर लागतो, मूठ ओढून पिन बाहेर काढायचा. त्यातही तक्रार येते: "पिन बसली तरी होल सरकतं." पिन आणि बुशमध्ये (पिन ज्यात बसते त्या कडीमध्ये) 0.03 चा खेळ आहे आणि बुश केंद्रापासून 50 मिमीवर आहे असं धरा. काम 150 मिमीवर चाललं असेल तर तिथे 0.09 चा खेळ मिळतो. पिनची बॉडीमधली ढिलाई त्यात आणखी मिळवा. उपाय तीन आहेत, आणि मी याच क्रमाने करून बघेन. बुश शक्य तितकं बाहेर, कामाच्या त्रिज्येच्या जवळ न्या. प्लेटला नेहमी एकाच बाजूला हलका ताण द्या, म्हणजे खेळ एकाच बाजूला राहतो आणि सेटिंगमध्ये धरता येतो. तरी भागलं नाही तर टेपर टोकाची पिन घ्या. टेपर पिनमध्ये खेळ उरत नाही, पण बुशमध्ये एक चिप आली की ती पूर्ण बसत नाही आणि ऑपरेटरला दिसत नाही. म्हणून पिन किती आत गेली हे दाखवणारी रेघ मुठीखाली मारून ठेवा. कोणतीही पिन असली तरी इंडेक्स झाल्यावर प्लेट वेगळ्या क्लॅम्पने घट्ट करायचीच. पिनवर कट घेतलात तर बुश अंडाकृती होतं.

ऑपरेटरचे दोन्ही हात जॉबमध्ये असतील तर मूठ ओढून फिरवली की पिन बाहेरच थांबेल असा, विश्रांती खाच असलेला प्लंजर घ्या. किमतीत थोडाच फरक असतो आणि लोडिंगचा वेळ वाचतो.

मोजमापात स्प्रिंग

तपासणीच्या फिक्श्चरवर "मशीनवर ओके, गेजवर रिजेक्ट" असा वाद सुरू झाला की स्प्रिंगवाली टेपर लोकेटिंग पिन आधी तपासावी. ती होलमध्ये शिरून जॉब मध्यावर आणते, आणि उंची मात्र पॅडने ठरायची असते. 300 ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचं वजन 3 न्यूटन. त्याखाली 8 न्यूटनची स्प्रिंग असेल तर जॉब पॅडवर नसतोच, पिनवर तरंगत असतो. प्रत्येक पॅडखाली 0.03 चा फिलर फिरवा. शिरला तर स्प्रिंग मऊ करा, किंवा प्रत्येक पॅडच्या बरोबर वर हलका क्लॅम्प द्या.

डायलच्या आतही स्प्रिंगच असते. एक शतांशाचा साधा प्लंजर डायल दीड न्यूटनपर्यंत दाबतो, लिव्हरवाला, म्हणजे आपला पपी डायल, साधारण 0.3 न्यूटनच्या आत. पातळ भिंतीच्या बुशवर किंवा पत्र्यावर प्लंजर डायल लावला तर तो जॉबलाच वाकवून मोजतो. तिथे पपी डायल घ्या, पण त्याची काडी पृष्ठभागाला समांतर ठेवा. 30 अंश तिरकी ठेवली तर 0.10 दिसतं तेव्हा खरं 0.087 असतं. काटा शून्यावर आणताना प्लंजर डायलला पाव ते अर्धा फेरा दाब द्या, नाहीतर जॉब लहान आला की टीप टेकतच नाही आणि काटा निमूटपणे शून्यावर बसून राहतो. वाचन नेहमी एकाच दिशेने येऊन घ्या.

एज फाइंडरबद्दल (स्पिंडलमध्ये लावून जॉबची कड शोधायच्या साधनाबद्दल) एवढंच: 500 आरपीएमच्या आसपास फिरवा. हजारांत फिरवला की खालचा तुकडा बाहेर फेकला जातो, आतली स्प्रिंग ताणली जाते आणि त्यानंतर तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी उडी मारतो. असा एज फाइंडर दुरुस्त करत बसू नये.

इंडेंटवर (स्टोअरच्या मागणीपत्रावर) काय लिहायचं

स्टोअरला "बॉल प्लंजर एम 8, 10 नग" असं गेलं की स्टोअर सगळ्यात स्वस्त आणतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आटा आणि बॉडीची लांबी लिहा. टोक बॉल की पिन, आणि कशाचं. स्ट्रोक किमान किती. सुरुवातीची ताकद न्यूटनमध्ये. बॉडी साधी की स्टेनलेस, सील हवं की नको, नायलॉन पॅच हवा की नको, आणि चावी खाचेची की अ‍ॅलनची, कारण मागून फिरवायला जागा नसेल तर टोकाकडून फिरवता येणारा लागतो. फिक्श्चरच्या ड्रॉइंगवर प्लंजर मधल्या जॉबला किती दाबलेला असावा तो आकडा टाका, म्हणजे 3.5 स्ट्रोकच्या प्लंजरला "दाब 1.7". सेटर बदलला तरी त्याला अंदाजाने फिरवावं लागणार नाही: मधल्या रुंदीचा एक मास्टर जॉब लावायचा, बॉल नुसता टेकेपर्यंत प्लंजर आत न्यायचा आणि तिथून एम 12 च्या 1.75 पिचला एक फेरा, एम 8 च्या 1.25 पिचला सव्वा फेऱ्याहून जरा जास्त.